बावीस काट्यांचे पत्ते

वर्षालीनं संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो फडकं घेऊन. चांदूर बाजारच्या तिच्या शाळेत एकच संगणक होता. त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं असे, आणि दर शनिवारी ते काढून धूळ पुसायचं काम सातवीच्या मुलींकडं असे. तो चालू कसा करायचा हे गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. पुसून झालं की मुली त्याला नमस्कार करीत आणि कापड परत घालीत.

घरी बापाचा भाजीपाल्याचा मळा. पंजाबराव वांगी-मिरची करायचे, आई वच्छला मेथी-सांबार बघायची. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि त्या सांबाराच्या जुड्या बांधता बांधताच वर्षाली पाढे शिकली. पुढं अमरावतीला पदविका केली, एका तंत्रनिकेतनात संगणकाच्या प्रयोगशाळेची सहायक म्हणून लागली, आणि तिथंच राहिली. आज ती छत्तीस वर्षांची आहे.

प्रयोगशाळेतली यंत्रं इतकी जुनी, की विकतची प्रणाली त्यांच्यावर चालेना. तिनं फुकट मिळणारी, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली त्यांच्यावर चढवली. ती बिघडली की दुरुस्त कोण करणार? सांगायला कोणी नव्हतं, म्हणून आतलं लिखाणच वाचायला लागली. इंग्रजी तिला शब्दकोश घेऊन वाचावं लागे, पण यंत्राची भाषा तेवढी अवघड गेली नाही. "थे खोटं बोलत नाई," असं ती नवऱ्याला सांगायची. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आधी 'श्री' लिहायची आणि मग गणित मांडायची. दोन-तीन बारीकसारीक दुरुस्त्या तिनं त्या प्रणालीच्या लोकांना पाठवल्या, त्यांनी घेतल्या, आणि कोणाला न सांगता तिनं अंबादेवीला जाऊन नारळ फोडला.

मग तिला तो जुना पाटा दिसला.

गोष्ट अशी, की जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. पत्त्याचा पहिला अर्धा भाग जाळं देतं. तो म्हणजे गाव आणि गल्ली. घर क्रमांक मात्र यंत्र स्वतः तयार करतं. जाळ्याचं नाव, आपल्या जोडणीचं नाव आणि आपल्यापाशी लपवलेलं एक गुपित, तिन्ही एकत्र वाटायचं. ठेचाच म्हणा ना. ठेच्यातून मिरची परत निघत नाही, लसणाच्या पाकळ्या किती होत्या ते सांगता येत नाही. पण साहित्य तेच घातलं तर यंत्राचा ठेचा दर वेळी तोच, कणाचा फरक नाही. त्यातली चिमूट म्हणजे पत्ता. म्हणून एका जागी पत्ता टिकतो, आणि यंत्र दुसऱ्या जाळ्यात गेलं की बदलतो, म्हणजे कोणाला त्याच्या मागं मागं फिरता येत नाही. या वाटणाला संगणकवाले हॅश म्हणतात.

त्या प्रणालीत हे वाटण ज्या पाट्यावर होई त्याचं नाव एमडी-फाइव्ह. पाटा झिजलेला. निरनिराळं साहित्य घालून त्यावर सारखाच ठेचा काढून दाखवता येतो, हे जाणकारांनी वीस वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. पत्त्याच्या कामात त्यानं उद्याच कोणाचं घर बुडेल असं नव्हतं, आणि वर्षालीही तसं कधी म्हणाली नाही. पण झिजलेला पाटा एका कामासाठी घरात ठेवला, की दुसऱ्या कामालाही कोणीतरी तोच ओढतं. तिनं त्याच्या जागी ब्लेक-टू नावाचा नवा, टणक पाटा बसवला, बदल लिहून पाठवला आणि वाट बघत बसली.

तो भाग सांभाळणारा माणूस नॉर्वेत राहायचा. पोक्त, मोजकं बोलणारा. वर्षालीचा नवरा योगेश त्याला नॉर्वेचे मामा म्हणायचा. मामांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. लिखाण ठीक आहे, पण पाटा बदलला की चालू असलेल्या प्रत्येक यंत्राचा पत्ता बदलणार. जिथं खरंच रोजचं काम चालतं अशा ठिकाणी लावून बघा, काय होतं ते लिहा, मग बोलू. नव्या आवृत्तीत बदल घेणं एकतीस दिवसांनी बंद होणार, त्यानंतर पाच वर्षं तिच्यात असं काही बदलणार नाही.

पाच वर्षं. म्हणजे ज्या यंत्रांकडं कोणी वळून बघत नाही, ती पाच वर्षं त्याच झिजल्या पाट्यावर वाटत बसणार. एकतीस दिवसांत ठरायचं होतं.

"घरातलं मीठ संपलं थे सांगायले तुले टाइम नाई," योगेश म्हणाला, "अन् साऱ्या दुनियेच्या मशीनचे पत्ते बदलून राहिली."

"मीठ आणलं मी."

"कवा?"

"परवा. तुमी दोन वेळा खाल्लं बी."

रोजचं काम चालणारं एक ठिकाण तिला माहीत होतं. अकोल्याला भाजी उत्पादकांची एक संस्था आहे. शेतकरी पहाटे माल आणतात, बावीस वजनकाट्यांवर वजन होतं, आकडा मधल्या संगणकाकडं जातो आणि भिंतीवरच्या मोठ्या फलकावर उमटतो, तो बघून व्यापारी बोली लावतात. वजनात मारामारी राहिली नाही म्हणून लोक खूश. प्रत्येक काट्याच्या पेटीत एक छोटं यंत्र आहे, आणि ती यंत्रं चार वर्षांपूर्वी वर्षालीनंच सुट्ट्यांमध्ये जाऊन बसवून दिली होती.

संस्थेचे सचिव शालिकराम साठीला आलेले, स्वच्छ धोतर-टोपीतले गृहस्थ. ते आधी तयार होईनात.

"चालून राहिलं त्याले हात काहून लावते पोरी?"

"काका, आतला एक जुना भाग बदलाचा हाये. वजनाले काही होत नाई."

"एक दिवस जरी बोली थांबली ना, तं ह्या पेट्या मी काढून टाकीन. कंपनीवाले दारात उभे हायेत, तयार माल घ्या म्हणते."

"नाई थांबत."

ती असं म्हणाली खरी. माणसानं असं कधी म्हणू नये, पण म्हणतो.

शनिवारी बाजार उठल्यावर तिनं बावीसही यंत्रांवर नवी प्रणाली चढवली. प्रत्येक काटा नावानं हाक मारली की ओ देत होता. पत्ते बदलले होते, पण पत्त्यांवर इथं काही अवलंबून नाही हे तिला ठाऊक होतं, कारण सगळी जोडणी तिनंच नावांवर केली होती. ती रात्रीच्या आत घरी परतली.

रविवारी बाजार बंद असे. सोमवारी सहाला अकोल्याहून फोन आला. पहिल्या बसनं ती निघाली. पोचली तेव्हा आवारात गाड्यांना गाड्या लागलेल्या, पालकाची पोती उन्हात, फलक काळा ठिक्कर. काटे वजन करीत होते, पण मधलं यंत्र एकाचंही ऐकून घेत नव्हतं.

"बाई, पेटीले दीठ लागली का?" मेथीच्या गाठोड्यावर बसलेला एक शेतकरी म्हणाला. त्याचं नाव बंडू. "लिंबू-मिरची बांधाची राह्यली असन."

"मिरची हाये माह्यापाशी," मागून एक बाई ओरडली, "पण थे वजन झाल्याबिगर देत नाई!"

लोक हसले. शालिकराम हसले नाहीत.

वर्षाली काट्यापाशी वाकली आणि तेव्हा तिला पेटीच्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटनं काढलेली अक्षरं दिसली. वर स्वस्तिक, हळदी-कुंकवाची बोटं, खाली चार-चार अक्षरांचे चार गट. शनिवारी तिनं ते बघितलं होतं, पण संस्थेचा काही नंबर असेल म्हणून सोडून दिलं. ते पत्ते होते. काट्याच्या पडद्यावर तळाशी दिसणारे पत्ते.

"हे कोणी लिहिलं काका?"

"मी लिहून घेतलं. दसऱ्याले." शालिकरामांचा आवाज अजून तापलेला होता. "दोन वर्षांमागं कोण्या टवाळ पोट्ट्यानं जाळ्यात घुसून फलकावर 'वांगे नऊशे टन' लिहिलं. पुरा बाजार हासला. मंग मी इथल्या एका जाणत्याकडून मधल्या मशीनले सांगून ठेवलं, का हे बावीस पत्ते सोडून कोणाचंच ऐकू नको. अन् दसऱ्याले अवजाराची पूजा केली, तवा पेंटरकडून पेटीपेटीवर पत्ता काढून घेतला. गाडीले नंबर असते, बैलाले नाव असते, मंग काट्याले काहून नाई?"

पत्ता टिकतो, असं चार वर्षांपूर्वी वर्षालीनंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तिच्या शब्दावर रंग दिला होता, पूजाही केली होती. आणि पत्ता बदलताना तिनं त्यांना विचारलंही नव्हतं.

जुनी प्रणाली परत चढवायला सव्वा तास गेला. तोवर बावीस तागड्या कुठून आणणार? दोन मिळाल्या. पालक सुकला, सांबाराच्या जुड्या माना टाकून बसल्या. बोली झाली, पण उतरलेल्या भावानं. कोणी तिला शिवी दिली नाही. बंडूनं तर तिला चहा आणून दिला. त्यानं तिला जास्तच लागलं.

जाताना शालिकराम एवढंच म्हणाले, "कंपनीवाल्याले मी पंधरा तारखेले बोलावतो."

त्या संध्याकाळी ती अमरावतीच्या घरी वही उघडून बसली. मामांना काय लिहावं? पत्त्यांची यादी नव्यानं भरली असती तर सगळं चाललंच असतं, हेही खरं होतं. 'यादी सुधारली, बावीस यंत्रं चालू, अडचण नाही,' एवढं लिहिलं असतं तर कोण अकोल्याला बघायला येणार होतं? बदल आवृत्तीत गेला असता. ती देवघरापुढं जरा वेळ बसली. मागितलं काहीच नाही. नुसती बसली. मग उठली आणि सगळं लिहिलं. पेटीवरचा रंग, दसरा, काळा फलक, सुकलेला पालक. साध्या इंग्रजीत, लहान लहान वाक्यं करून. शेवटी लिहिलं, 'चूक माझी आहे, सचिवांची नाही. जगात अशा पेट्या अजून असतील.' आणि पाठवून दिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'आभारी आहे. असा बदल मी घेऊ शकत नाही. तुमच्याकडं दुसरी वाट असेल तर बघू. एकवीस दिवस आहेत.'

रविवारी ती माहेरी गेली. डोकं चालेना म्हणून गेली, दुसरं कारण नव्हतं. वच्छलाबाई मिरचीच्या वावरात उकिडव्या बसून रोपं लावत होत्या. मागचं वाण चुरड्यानं धरलेलं, पानं मुरडलेली. कुठं कुठं रोपं मरून ओळीत खाली जागा पडल्या होत्या, आणि त्या जागांमध्ये त्या नवं वाण लावत होत्या. याला नांग्या भरणं म्हणतात. नव्या प्रत्येक रोपाशेजारी त्या तुरीची एक काडी खोचत होत्या.

"माय, जुनं सारं उपटून एकाच वाणाचं काहून नाई लावत?"

वच्छलाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, जणू ही पोरगी शिकून वाया गेली.

"उपटून? अवं, फुलं हायेत त्यायले. दोन तोडे अजून देतीन. उभं पीक कोणी उपटते का? जे मेलं त्याच्या जाग्यावर नवं. देता देता जुनं संपून जाते, वावर सारं नव्या वाणाचं होते. कोणाले कयतही नाई कवा झालं थे."

"अन् ह्या काड्या?"

"तोडाले बाया येतीन. जुनं कोणतं, नवं कोणतं, त्यायले कसं समजन? काडी दिसली का नवं. बस्स." मग त्या थांबल्या. "अशी काय पायते? ऊन लागलं का तुले?"

"नाई माय," वर्षाली म्हणाली आणि तिथंच बांधावर बसली.

यंत्रापाशी एक गुपित असतं. जुन्या यंत्राचं गुपित जुन्या पाट्याच्या काळातलं. त्याला हात लावायचा नाही. जोवर ते यंत्र उभं आहे तोवर त्याचा पत्ता जुन्याच रीतीनं निघू द्यायचा. पण नवं यंत्र बसलं, किंवा मालकानंच गुपित बदललं, की त्या गुपिताशेजारी एक काडी खोचायची, बारीकशी खूण, 'हे नव्या पाट्याचं'. खूण दिसली की नवं वाटण, नाही दिसली की जुनं. आणि ज्या दिवशी जुनं कोणीच उरणार नाही, त्या दिवशी तो पाटा घराबाहेर.

आईनं दिलेली वांगी बसमध्येच विसरून ती घरी पोचली आणि लिहायला बसली. सहा दिवस लागले. आधी स्वतःच्या प्रयोगशाळेत तीस यंत्रांवर लावून बघितलं. मग पुन्हा अकोला.

शालिकराम ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"काका, पत्ते बदलत नाई आता. हे पाह्यजेन तं लिहून देतो."

"लिहून मागच्या येळी बी देल्लं असतं तू."

"देल्लं असतं," वर्षाली म्हणाली. "अन् चुकलं असतं. म्हणून यावेळी एकच काटा द्या. कोणताही. सारे नाई मागत."

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. "बावीस नंबर घे. कोपऱ्यातला. फुलंवाले येते तिथं, त्यायचा माल कमी असते. पण तागडी घेऊन तू सोता बसशीन बाजूले. बंद पडलं तं हातानं तोलाचं."

"बसतो."

"सकायी पाचले."

"साडेचारले येतो."

त्या रात्री ती अकोल्यातच नात्यातल्या एकीकडं राहिली आणि पहाटे झेंडूच्या पोत्यांमध्ये मांडीवर तागडी घेऊन बसली. फुलंवाल्या बायांनी तिला जागा करून दिली. एकीनं विचारलं, "नवीन हमाल का वं?" दुसरी म्हणाली, "हमाल नाई, डॉक्टर हाये. काट्याची." पहिलं पोतं काट्यावर चढलं. वर्षालीनं फलकाकडं बघितलंच नाही, तिची नजर खाली पोत्याच्या शिवणीवर होती.

"अकरा किलो चारशे!" पलीकडून व्यापाऱ्यानं आकडा वाचला आणि बोली सुरू झाली.

तागडी दिवसभर लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शालिकरामांनी स्वतःच फोन करून विचारलं, "बाकीचे एकवीस कवा करतं?" शनिवारी ते झाले, आणि सोमवारी ती मुद्दाम पहाटेच येऊन उभी राहिली. बावीसही काटे बोलले. कंपनीवाला पंधरा तारखेला आला, चहा पिऊन गेला.

तिनं मामांना पुन्हा सगळं लिहिलं. आवृत्ती बंद व्हायला दोन दिवस होते. एक दिवस तसाच गेला. प्रयोगशाळेत मुलांची परीक्षा चालू होती, ती रांगांमधून फिरत होती आणि दर फेरीला टेबलाशी येऊन टपाल बघत होती. दुपारी पेपर सुटला, मुलं गेली, पंखे बंद करता करता तिनं आणखी एकदा बघितलं.

बदल घेतला होता. पुढच्या पाच वर्षांच्या आवृत्तीत. खाली मामांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'जुन्या यंत्रांना धक्का न लावता नव्यांना नवी रीत, ही पद्धत आम्ही प्रणालीत एमडी-फाइव्ह अजून उरलेल्या तीन जागीही वापरू. त्या तीन जागा तुम्ही बघाल का?'

ती खुर्चीवर बसली. मग योगेशला फोन केला.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" तो घाबरला.

"माह्यं लिखाण घेतलं त्यायनं."

"मंग आता ह्या मामाकडं आहेर पाठवा लागन का?"

"अजून तीन ठिकाणचं काम देऊन राहिले ते."

"घे ना मंग," योगेश म्हणाला. "मिठाचं मी पाहतो."

दिवाळीनंतर संस्थेनं दोन नवे काटे घेतले. तेवीस आणि चोवीस. त्यांच्यावर नवी आवृत्ती, नवं गुपित, नवा पाटा. वर्षाली जोडणी करून उठली तेव्हा शालिकराम कागद-पेन्सिल घेऊन शेजारी उभे होते. पडद्यावरचा पत्ता त्यांनी अक्षर अक्षर उतरवून घेतला, दोनदा ताडून बघितला, आणि मग चष्म्यावरून तिच्याकडं बघत विचारलं,

"हा किती दिवस टिकन?"

मागं एकदा याच प्रश्नाला तिनं झटकन उत्तर दिलं होतं. या वेळी ती जरा थांबली.

"हे मशीन इथं, ह्या जाळ्यात हाये तवर टिकन काका. जाळं बदललं तं बदलन. अन् मले बदलाचा पडला, तं आधी तुमाले विचारीन."

"विचारशीन?"

"विचारल्याबिगर हात नाई लावत."

शालिकरामांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली. बाहेर पहिल्या गाडीचा हॉर्न वाजला, कोणीतरी फ्लॉवरची पोती उतरवायला लागलं.

"मंग लाव हात," ते म्हणाले, आणि स्वतःच पुढं होऊन पोत्याला हात दिला.